हात लावू नये

“मग चूक कोणाची, बाबा? माझी?”

मजारीवरची कालची सुकलेली फुलं सत्तारबाबा एकेक करून झोळीत टाकत होते.

हेमराज खैरनार पायरीखाली उभा होता. चढ चढून शर्ट पाठीला चिकटला होता. खाली डोंगराच्या पायथ्याशी नर्मदेचं फुगलेलं पाणी पसरलं होतं, आणि काठाला त्याची होडी लागली होती. होडीत आठ नव्या बॅटऱ्या होत्या. सकाळपासून कुंडीआंब्याच्या पाड्यातल्या एकाही माणसाने त्या उतरवायला हात दिला नव्हता.

कुणी शिवी दिली नव्हती, कुणी अडवलंही नव्हतं. माणसं दारात बसलेली असत. हेमराज जवळ गेला की उठून आत जात.

“चार वर्षांपूर्वी ह्याच माणसांनी मला ढोल वाजवत वर नेलं होतं,” तो म्हणाला. “आज माझ्याकडे कुणी बघत नाही. तुमचं ऐकतात ते. तुम्ही एक शब्द टाका.”

“कसला?”

“की मी त्यांच्या भल्यासाठी आलोय.”

बाबांनी झोळीचं तोंड बांधलं.

“चार वर्षांपूर्वी कशासाठी आला होतास?”

हेमराजला राग आला, पण तो गिळला. ह्या माणसाशी भांडता येत नसे. शिरपूरला आग्रा रोडवर बाबांचं ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं, तेव्हा पॉलिटेक्निकला जाणाऱ्या हेमराजने बॅटरी पहिल्यांदा उघडली ती त्यांच्या हाताखाली. पुढे एक दिवस बाबांनी दुकान भावाच्या हवाली केलं आणि सातपुड्यातल्या ह्या एकट्या मजारीची झाडलोट करायला येऊन राहिले. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ॲसिडने पडलेले पांढरे डाग तेवढे हातांवर राहिले.

कुंडीआंब्याला तारेची वीज कधी आलीच नाही. धरणाच्या पाण्याने खालची शेतं गेली, घरं वर सरकली. त्या पाण्याची वीज कुठे जाते, ते पाड्याला कळलं नाही. हेमराजच्या संस्थेने तिथे चोवीस सोलर पॅनेल बसवले, बॅटरीघर बांधलं, घरटी दोन दिवे दिले. उद्घाटनाला त्याने प्रत्येक घरातली रॉकेलची चिमणी मागवून घेतली, सगळ्या एका खड्ड्यात पुरल्या आणि वर नारळ फोडला. त्याचा फोटो संस्थेच्या अहवालावर छापला. दिल्लीला त्याला बक्षीस मिळालं, ते त्या फोटोवरच, असं लोक गमतीने म्हणत.

बॅटरीघराला त्याने मोठं कुलूप लावलं होतं. दारावर लाल रंगात स्वतः लिहिलं होतं : धोका. हात लावू नये.

“कुलूप का घातलंस?” बाबांनी विचारलं.

“आत ॲसिड असतं, बाबा. कुणी भाजलं असतं. कुणी तार ओढली असती. अडाणी माणसं, कुतूहल असतं...”

“कुणी लावला?”

“काय?”

“हात.”

“...नाही.”

“मग तुझं ऐकलं की त्यांनी.”



सांगण्यासारखं सगळं त्याने मघाशीच सांगून टाकलं होतं. दर महिन्याला त्याचा माणूस होडीने येई, कुलूप उघडी, बॅटऱ्यांत पाणी घाली. तीन वर्षांची मुदत संपली, माणूस दुसऱ्या कामावर गेला. पाणी आटत गेलं. होळीनंतर दिवे पिवळे पडले, जेठात विझले. कागदावर मात्र पाड्यात उजेड होता, त्यामुळे रेशनचं रॉकेल कधीच बंद झालं होतं. आणि चिमण्या खड्ड्यात.

श्रावणात वेस्ता पावराच्या घरात बाळ रडलं. त्याची बायको सिंगी अंधारात उठली. पायाला काहीतरी टोचलं म्हणाली. काटा असेल म्हणून झोपली. चिमणीभर उजेड असता तर मण्यार दिसली असती. फटफटायच्या वेळी तिच्या पापण्या उघडेनात, बोलणं जड झालं. होडीतून दवाखान्याकडे नेता नेता, मधल्या पाण्यावरच ती गेली.

“तुम्ही इथेच होतात,” हेमराज एकदम म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “पाड्यापासून हाकेच्या अंतरावर. तुम्हाला बॅटरी कळते. माझ्यापेक्षा जास्त कळते. तुम्ही का नाही तोडलं कुलूप?”

वारा आला. मजारीवरची हिरवी चादर हलली. बाबांनी ती नीट केली, पुन्हा नीट केली.

“मला वाटलं...” ते थांबले. “मला वाटलं, माझ्या हेमराजचं कुलूप आहे. तो येईल.”

खालून होडीवाल्याची हाक आली.

“दोनदा निरोप धाडला,” बाबा म्हणाले.

“मला मिळाला नाही.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत जाब नव्हता, आणि तेच हेमराजला सोसवेना.

“मिळाला,” तो म्हणाला. “दोन्ही मिळाले. मी कार्यक्रमात होतो. म्हटलं, पावसाळा झाला की बघू.”

बाबांनी भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि ते उतरू लागले. चल म्हणाले नाहीत. हेमराज मागून गेला.

वेस्ता पावरा अंगणात बसला होता. चाळिशीचा, उंच, काटक माणूस. त्याच्या शेजारी जोमली, सिंगीची थोरली बहीण. बाळाला सांभाळायला ती तिच्या पाड्यावरून आली ती परत गेलीच नव्हती. बाळ तिच्या पाठीशी फडक्यात बांधलेलं.

हेमराजला बघून वेस्ता उठला आणि सवयीने आत जायला वळला.

“वेस्ता,” बाबा म्हणाले, “बस. तो रागवायला नाही आला.”

हेमराज चमकला. “मी? रागवायला?”

वेस्ता उभाच राहिला. मान खाली.

“साहेब, तुमची वस्तू आमच्या हातात मेली. आता काय तोंड दाखवायचं?”

सकाळपासून त्या फिरलेल्या पाठींना तो राग समजत होता; ती लाज होती.

“पण आम्ही हात नाही लावला,” वेस्ता घाईने म्हणाला. “देवाची आण. मला वाचता येतं, चौथी शिकलोय. बोर्ड मीच समद्यांना वाचून दाखवला. पोरं खेळता खेळता तिकडे गेली तर मी हाकलली. दिवे बारीक झाले तेव्हा जामसिंग पहार घेऊन आला. म्हणे, तोडू, आत काय झालंय बघू. मी आडवा झालो. म्हटलं, साहेबाने लिहिलंय.”

तो थांबला. जोमलीने पाठीवरचं बाळ सावरलं.

“तो तोडत होता, साहेब. मी तोडू दिलं नाही. ...आणि मग सिंगीला चावलं.”

हेमराजला वाटलं, ह्याने आपल्याला मारावं. गळा धरावा. वेस्ता तसाच उभा होता, मास्तरापुढे उभ्या पोरासारखा, आणि विचारत होता :

“माझं चुकलं का, साहेब?”

हेमराजने बाबांकडे पाहिलं. बाबा दुसरीकडे बघत होते. हे उत्तर त्याचं त्यालाच द्यायचं होतं.

“नाही,” तो कसाबसा म्हणाला. “तुझं नाही.”

एवढ्याने वेस्ताचं ओझं उतरलं नाही. उतरणारही नव्हतं. त्याने फक्त मान हलवली.

ते बॅटरीघराकडे गेले. दारापुढची जागा झाडलेली होती. चार वर्षांत कुणी ती झाडायची सोडली नव्हती. कुलूप गंजलं होतं. हेमराजची किल्ली फिरेना, तेव्हा वेस्तानेच दगड आणून दिला. दुसऱ्या घावाला कुलूप उघडलं. दोन घाव पुरले, हे दोघांच्याही ध्यानात आलं.

आत कोंदट, आंबूस वास होता. रांगेने काळ्या बॅटऱ्या. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढल्यासारखा मळ. हेमराजने एक बूच काढून मोबाइलचा उजेड आत धरला. प्लेटा कोरड्या, पांढऱ्या पडलेल्या. पुढची पाहिली, तीही तशीच. तिसरी त्याने उघडली नाही.

कोपऱ्यात पाच-पाच लिटरचे दोन कॅन होते. बॅटरीचं पाणी. एकाचं सील शाबूत होतं.

तो कॅनकडे बघत राहिला. मग घाईने बोलायला लागला. बोलणं थांबलं तर काय होईल, ह्याची त्याला भीती वाटत होती.

“ह्या जुन्या जातीच्या होत्या, वेस्ता. मी नव्या आणल्यात. ह्यांना पाणीच लागत नाही. काही करावं लागत नाही. मी बसवून देतो. दहा वर्षं कुणी आत यायची गरज नाही. दार उघडायचीसुद्धा गरज नाही.”

“बरं, साहेब,” वेस्ता म्हणाला. “नाही उघडणार.”



वेस्ताने ते टोचून म्हटलं नव्हतं. मनापासून म्हटलं होतं. ह्या खेपेला तरी साहेबाचं ऐकण्यात कसूर व्हायला नको, अशा काळजीने.

हेमराज भिंतीला टेकला आणि तिथेच खाली बसला. चांगल्या पँटला ॲसिडचा मळ लागला.

“बाबा,” शेवटी तो म्हणाला, “परत घेऊन जाऊ का नव्या?”

“आणि अंधार? तो कोण घेऊन जाईल?”

“मग काय करू?”

बाबा दाराशी गेले. बाहेर जोमली उभी होती, आत यावं की नाही अशा विचारात. तिचे डोळे दारावरच्या लाल अक्षरांवर होते. तिला वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरं काय म्हणतात ते पाड्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं.

“ये,” बाबा म्हणाले.

तिने वेस्ताकडे पाहिलं. वेस्ताने हेमराजकडे. हेमराजने मान हलवली.

ती आत आली. बाबा पहिल्या बॅटरीपुढे मांडी घालून बसले आणि तिला समोर बसवलं. हात कसा लांब धरायचा, तोंड कसं बाजूला ठेवायचं, अंगावर थेंब पडला तर आधी काय करायचं, ते सांगितलं. आपल्या हातांवरचे डाग दाखवले. मग कॅनचं सील तोडलं आणि नरसाळं तिच्या हातात दिलं.

“ह्या खुणेपर्यंत,” ते म्हणाले. “वर नाही, खाली नाही.”

जोमलीने वाकून पाहिलं.

“कधी कधी घालायचं?”

“महिन्यातून एकदा.”

“एवढंच पाणी?”

“एवढंच.”

ती काही वेळ त्या खुणेकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. फक्त नरसाळं धरलेला हात थोडा खाली आला.

“एवढंच...” ती पुन्हा म्हणाली, स्वतःशी.

वेस्ता दारातून बाहेर गेला. झाडलेल्या जागेच्या कडेला, पाण्याकडे तोंड करून बसला.

जोमलीने कॅन उचलला. एका हातात नरसाळं, दुसऱ्यात भरलेला कॅन; तोल साधेना. पाणी नरसाळ्याबाहेर सांडलं, बॅटरीवरून ओघळून जमिनीवर पसरलं. बाळ रडायला लागलं. तिने कॅन खाली ठेवला नाही, पुन्हा तिरपा केला, पुन्हा सांडलं.

हेमराज न राहवून पुढे सरकला. हात कॅनकडे गेला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या बोटांत अजून जोर होता.

“बाबा, ह्या मेल्या आहेत,” हेमराज दबक्या आवाजात म्हणाला. “प्लेटा संपल्यात. हिने कितीही पाणी घातलं तरी दिवा लागायचा नाही. नव्यांना तर पाणीच लागत नाही. मग मेलेल्या बॅटरीवर हिला शिकवून काय मिळणार?”

बाबांनी मनगट सोडलं नाही. जोमलीचा हात आता स्थिर झाला होता. पाण्याची धार बारीक, सरळ, आत पडत होती.

“हिला मेलेल्यावर शिकू दे, हेमराज,” ते म्हणाले. “आपण दोघं जिवंत माणसांवर शिकलो.”