पहिल्या पाहुण्याला काय सांगू?

पहिल्या नोकरीसाठी बायोडाटा लिहिताना गुहागरची शलाका 'अनुभव' या शब्दापाशी अडली. मैत्रीण म्हणाली, "लिही काहीतरी ठोकून, कोण बघतंय?" पण शलाकाचं मन धजेना. कॉलेजच्या शिबिरात तिने मुलींच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था पाहिली होती. तेवढंच खरं लिहून ती चिपळूणला, नव्याने उघडणाऱ्या एका हॉटेलात मुलाखतीला गेली.

बाहेर बसून ओढणीचं टोक पिळून पिळून तिने त्याची पार वात करून टाकली. शेवटी आत बोलावणं आलं. मालक रेडीजसाहेबांनी कागदावर नजर टाकली आणि तो टेबलावर भिरकावला.

"शिबिर? हा काय अनुभव झाला? नवख्या माणसावर आम्ही भरवसा का ठेवायचा?"

शलाकाच्या तोंडून शब्द निसटलेच. "साहेब, तुमच्या हॉटेलात अजून एकही पाहुणा उतरलेला नाही. तरी दारावर 'उत्तम सोय' अशी पाटी लावलीत ना? पहिल्या पाहुण्याने हेच विचारलं, तर त्याला काय सांगू?"

रेडीजसाहेब खो खो हसत सुटले.

"ते तूच ठरव. सोमवारपासून स्वागताला तूच उभी राहणार आहेस!"