गोड नाकारणारी स्वयंपाकीण

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. तिथला राजा प्रजेच्या बाबतीत डोळस, पण मुलाच्या बाबतीत आंधळा. राणी वारली तेव्हा राजपुत्र नुकता चालू लागला होता. आईसाठी तो इतका रडला, की राजाला काही सुचेना. शेवटी त्याने पेढ्याचा तुकडा त्याच्या जिभेवर ठेवला. पोर गप्प झालं. तेव्हापासून राजपुत्र रडला की गोड, रुसला की गोड आणि हसला तरी गोड.

ते गोड करायची सगुणाबाई. मुदपाकखाना तिच्याच हुकमतीत चालायचा. तिची जिलेबी खायला पाहुणे वाट वाकडी करून येत, आणि तिला त्याचा अभिमानही होता.

राजपुत्र मोठा होत गेला, तसा भाकरी-भाजीला तोंड लावेनासा झाला. सकाळी जिलेबी, दुपारी तळलेली शेव आणि बालुशाही, तहान लागली की साखरेचं सरबत. त्याच्या दाढा किडल्या. दोन जिने चढला की तो भिंतीला टेकायचा. दरबारी मात्र म्हणायचे, "काय छान बाळसं धरलंय. खात्यापित्या घरचं पोर दिसतंय."

एकदा वाड्यामागच्या वडावर मुलं सूरपारंब्या खेळत होती. राजपुत्रही गेला. पहिल्याच पारंबीला लोंबकळला आणि धपकन खाली आला. मग तो तसाच मुदपाकखान्यात येऊन सगुणाबाईच्या चुलीपाशी बसला.

"सगुणामाय, सगळी पोरं वर चढतात. मलाच का गं धाप लागते?"

सगुणाबाईच्या हातात जिलेबीचा झारा होता. पाकातून काढलेली जिलेबी ठिबकत होती. तिला उत्तर ठाऊक होतं. त्या दिवशी ती राजवैद्यांकडे गेली.

"कारण मलाही दिसतं, सगुणाबाई," वैद्य हळू आवाजात म्हणाले. "पण सांगणार कोण? राजाला वाटतं, गोड म्हणजे माया. मायेला विष म्हणायची माझी छाती नाही."

"मग मी म्हणते," सगुणाबाई म्हणाली.

थोड्याच दिवसांत राजपुत्राचा वाढदिवस आला. राजाने फर्मान काढलं, की पंचपक्वान्नं करा आणि साखरेचा मोर घडवा. पंगत बसली. राजपुत्रापुढे ताट आलं. त्यात नाचणीची भाकरी, मुगाची उसळ, लोण्याचा गोळा आणि चिरलेला पेरू होता.

"हे काय आहे?" राजाने विचारलं.

"जेवण, महाराज."

"आणि गोड?"

"केलं नाही. यापुढे या लेकरासाठी मी करणारही नाही."

सगुणाबाईची नजर खाली गेली नाही. राजपुत्राने ताट ढकललं आणि भोकाड पसरलं. राजा संतापून उठला.

"आईविना पोर आहे. त्याच्या तोंडचा घास काढून घेता? तुम्ही नाही केलंत तर दुसरे करतील."

"करतील, महाराज. माझ्या हातून मात्र व्हायचं नाही. लेकराचे दात आणि दम घालवून मला तुमची शाबासकी नको."

राजाने तिला त्याच क्षणी वाड्याबाहेर काढलं. ती मागे न बघता चालत गेली. घरी पोचल्यावर मात्र भिंतीला पाठ लावून खूप रडली.

वाड्यात दुसरा आचारी आला. पुन्हा कढया रटरटू लागल्या. मग एक दिवस राजपुत्राचा गाल टम्म सुजला. हिरडीत पू झाला, अंगात ताप भरला आणि पाण्याचा घोटही गिळवेना. वैद्यांनी दोन दाढा उपटल्या. त्या किंकाळ्या राजाने दाराबाहेर उभं राहून ऐकल्या. वैद्य बाहेर आले तेव्हा त्यांचेही डोळे ओले होते.

"महाराज, सगुणाबाई म्हणत होत्या ते खरं होतं. मी भ्यालो, म्हणून बोललो नाही."

राजाने तिच्या दारी पालखी धाडली. सगुणाबाईने ती परत पाठवली. तेव्हा राजा स्वतः पायी आला.

"चला, सगुणाबाई. तुम्ही म्हणाल तसं करू."

"दोन गोष्टी आहेत. साखरेच्या कोठीची किल्ली माझ्याकडे राहील. आणि लेकराच्या ताटात असेल तेच तुमच्या ताटात असेल."

"मी? मी तर राजा आहे."

"तुमच्या ताटात बालुशाही आणि त्याच्या ताटात भाकरी असेल, तर ते पोर माझं का ऐकेल? जमत नसेल तर माझं घर मला बरं आहे."

तिने दार लोटायला हात लावला. राजाने मान डोलावली.

सोपं काही नव्हतं. राजपुत्राने ताटं फेकली, शिव्या दिल्या, उपाशी निजला. सगुणाबाई प्रत्येक वेळी शांतपणे म्हणायची, "भूक लागली की ये. भाकरी झाकून ठेवलीय." राजाही समोर बसून मुकाट्याने भाकरी चावायचा. एक दिवस भूक जिंकली. मग हळूहळू चवही कळू लागली. सणाला पुरणपोळी व्हायची, पण ती सणालाच.

वर्ष-दीड वर्षाने शेजारच्या राज्याचा वकील आला. तोवर राजपुत्र वडाच्या शेंड्यापर्यंत चढू लागला होता. पंगतीत वकिलाने इकडेतिकडे पाहिलं आणि ओठ मुडपून विचारलं, "राजाच्या पंगतीत पक्वान्न दिसत नाही. राज्यावर काही संकट आहे का?"

पूर्वी राजा लाजेने लाल झाला असता. आता त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण राजपुत्रच आधी बोलला.

"होतं. टळलं."

आणि त्याने भाकरीचा मोठा घास तोडला.

तात्पर्य: मागेल ते तोंडात घालणारे पुष्कळ भेटतात, आपल्या भल्यासाठी तोंडावर 'नाही' म्हणणारं माणूस विरळा, त्याला दाराबाहेर घालवू नये.