विहिरीतलं कासव

फार जुनी नाही, संपतच्या विहिरीला पाणी होतं तेव्हाची गोष्ट. विहिरीत एक म्हातारं कासव राहायचं. पूर्वी पोरं काठावर पालथी पडून त्याला हाका मारायची, चुरमुरे टाकायची आणि ते वर आलं की आनंदाने ओरडून गाव डोक्यावर घ्यायची. पुढे पोरांच्या हातात मोबाइल आले आणि हाका थांबल्या. कासव मात्र रोज वर येऊन बघायचं.

एका सकाळी संपतची मुलगी काठावर ओक्साबोक्शी रडायला लागली.

"ऐकलंस? पोरांना माझी आठवण आली," कासव शेजारच्या बेडकीला म्हणालं.

"आजोबा, मघाशी वरून काहीतरी चकाकतं पडलं," बेडकी म्हणाली. "त्याच्यासाठी रडतेय ती."

"खुळी की काय तू! एखाद्या वस्तूसाठी कुणी एवढं रडतं का?"

संपतने मोटार लावली आणि विहिरीचं सगळं पाणी ओढ्यात सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत मासे चिखलात तडफडून मेले. बेडकी ओल शोधत कपारीत शिरली.

"आजोबा, चला ना!"

"मी कशाला येऊ? ते मला न्यायला येतायत."

संपत दोर धरून खाली उतरला. कासवाने मान लांब केली. दगड समजून त्याच्या पाठीवर पाय देत संपतने चिखलातून मोबाइल काढला आणि तो वर गेला.

वरून मुलगी आनंदाने ओरडली. पूर्वीची पोरं ओरडायची, अगदी तशीच.

कासवाने घाईघाईने वर पाहिलं. काठावर कुणीच नव्हतं.