आमराईतला सांडवा

फार पूर्वी शिरीषवती नगरीत रोहिताक्ष नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या अमात्यकुळात जन्माला आला होता. त्याचे नाव सुतीर. राज्यातल्या नद्या, तळी आणि पाट यांची देखरेख त्याच्याकडे असे.

नगरीच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मध्ये, वेत्रा नदी अडवणारे एक मोठे धरण होते. धरण मातीचे, पाण्याकडच्या बाजूने दगडांनी मढवलेले. जास्तीचे पाणी निघून जावे म्हणून त्याच्या एका टोकाला खडकात कोरलेला सांडवा होता. राजाच्या पणजोबांनी ते बांधून घेतले आणि बांधणारा होता राजस्थपती बलधर याचा पणजोबा. बलधर त्या धरणावर खेळतच लहानाचा मोठा झाला होता. कुणी धरणाबद्दल वावगा शब्द काढला, की घरातल्या वडीलधाऱ्याचा अपमान झाल्यासारखा तो लालबुंद होई.

राजा रोहिताक्ष तरुण होता आणि हौशी होता. धरणाखालच्या मोकळ्या मैदानात विणकरांची नवी पेठ वसवावी असे त्याच्या मनात आले. पण पेठेत माणसे राहायला येणार, म्हणून त्याने भर सभेत विचारले, "धरण आता जुनं झालं. कधी आला नाही असा पूर आला, तर ते टिकेल का?"

बलधर ताडकन उठला. "महाराज, आपल्या पणजोबांपासून ते उभं आहे. एक दगड हललेला नाही. टिकेल का म्हणून काय विचारता?"

राजाने सुतीरकडे पाहिले. सुतीर म्हणाला, "मला ठाऊक नाही, महाराज. पाहून सांगतो."

सभेत खसखस पिकली. पाण्याच्या अमात्यालाच पाण्याचे ठाऊक नाही, म्हणून काहींनी एकमेकांना कोपराने ढोसले. सुतीरही त्यांच्याबरोबर हसला. राजाने मात्र दोघांनाही जाऊन पाहून यायला सांगितले.

बलधर फुरंगटूनच निघाला. धरणाच्या पायथ्याशी सुतीरने पादत्राणे काढली आणि अनवाणी चालू लागला. जमीन कुठे ओलसर लागली की तो खाली बसे, पाझरणारे पाणी ओंजळीत घेई, उजेडात धरून न्याहाळी. बलधर प्रत्येक वेळी वाकून त्याच्या चेहऱ्याकडे पाही. वैद्य घरातल्या आजाऱ्याची नाडी धरून बसला, की घरच्यांचे व्हावे तसे त्याचे झाले होते.

शेवटी सुतीर हात झटकत उठला. "पाझर आहे, पण पाणी नितळ आहे. गढूळ असतं तर आतली माती वाहून चालली आहे असं समजायचं. बलधर, तुमच्या पूर्वजांनी ही माती फार प्रेमाने चोपून बसवली आहे."

बलधरचा चेहरा असा उजळला, की त्याने स्वतःच सुतीरची पादत्राणे उचलून पुढे ठेवली. "मग झालं तर! चला परत. पेठ वसवायला सांगू."

"धरण कसं आहे ते कळलं," सुतीर म्हणाला. "नदी कशी आहे ते कळायचं राहिलंय."

ते वेत्रेच्या काठाने वर वर गेले. पुढे दोन्ही बाजूंना उभे कडे होते आणि त्या घळीतून नदी खळखळत येत होती. तिथे गौरिका नावाची एक धनगरीण मेंढ्या चारत होती. राजाचा अमात्य कड्याला चिकटून, घामाघूम होऊन, कपारीत डोकावताना पाहून तिला राहवेना.

"काय हरवलं, बाबा?" तिने खालून विचारले.

"नदी कुठवर चढली होती ते शोधतोय," वरून उत्तर आले.

गौरिका पोट धरधरून हसली. "नदी? अन् तिथं? माझ्या आजीच्या आजीनंही नदी तिथं पाहिली नसंल. खाली या, पडाल!"

बलधरलाही हसू आवरेना. तेवढ्यात सुतीरने कपारीत हात घालून मूठभर काहीतरी काढले आणि तो जपून खाली उतरला. त्याने मूठ उघडली. तिच्यात नदीचा मऊ गाळ होता आणि त्या गाळात शिंपल्यांचे तुकडे होते.

"कपारीत आडवं अडकलेलं लाकूडही आहे," तो म्हणाला. "सागाचं. या टेकड्यांवर साग आहे का, बाई?"

गौरिकाचे हसू मावळले. "साग पार वर, नदीच्या उगमाकडं," ती म्हणाली. तिने एकदा त्या कपारीकडे पाहिले, मग खाली नदीकाठी चरणाऱ्या मेंढ्यांकडे पाहिले, आणि शीळ घालून त्यांना वर बोलावून घेतले.

बलधरने तो गाळ बोटांनी चोळून पाहिला. कधीतरी, धरण बांधण्याच्याही आधी, ही नदी त्या कपारीपर्यंत चढली होती. तो उत्तम स्थपती होता. पुढचे त्याला कुणी सांगावे लागले नाही. त्याने दोरी काढली, गौरिकाला एक टोक धरायला लावले आणि घळीची रुंदी मोजली. घळीचा उतार पाहिला, पाण्यात पान सोडून त्याचा वेग पाहिला. मग वाळूत बसून काठीने हिशेब मांडला. एवढे पाणी आले तर धरणाच्या सांडव्यातून किती निघेल आणि किती तुंबेल? उत्तर आले तेव्हा त्याने ते पुसले आणि हिशेब पुन्हा मांडला. उत्तर तेच आले.

"अमात्य," तो खालच्या आवाजात म्हणाला, "सांडवा अपुरा पडतो. पाणी धरणाच्या माथ्यावरून जाईल. आणि मातीच्या धरणावरून एकदा पाणी वाहू लागलं, की ते फुटतंच."

सुतीर त्याच्याशेजारी वाळूत बसला. "तुमच्या पूर्वजांचं काही चुकलेलं नाही. त्यांनी पाहिलेल्या पुराला पुरेल असंच त्यांनी बांधलं. हा पूर त्यांना दिसला नव्हता. आपल्याला दिसला."

दुसऱ्या दिवशी सभेत सुतीर बोलण्याआधीच बलधर उभा राहिला. "महाराज, काल मी जे बोललो ते मागे घेतो. धरण भक्कम आहे, पण तसा पूर आला तर टिकणार नाही. सांडवा चौपट रुंद केला तर टिकेल."

आपल्याच कुळाच्या धरणाबद्दल बलधर असे बोलेल, असे कुणाला वाटले नव्हते. राजाने विचारले, "रुंद कुठल्या बाजूने करायचा?"

इथेच खरी अडचण होती. सांडव्याच्या एका अंगाला कुंभारांची वस्ती होती आणि दुसऱ्या अंगाला सुतीरची आमराई. ती त्याला राजाच्या वडिलांनी बक्षीस दिली होती. तिच्यासारखे आंबे साऱ्या राज्यात नव्हते. वसंतात परगावचे पाहुणे ते चाखायला म्हणून येत.

एक मंत्री लगबगीने म्हणाला, "त्यात काय विचार करायचा? कुंभारांना दुसरीकडे जागा देऊ. माती काय, कुठेही मिळते."

राजानेही मान हलवली. खडक दोन्हीकडे सारखाच होता, बलधरला कुठूनही खणता आले असते. पण आमराईचे नाव त्यानेही काढले नाही, कारण आता त्याला सुतीरचे वाईट वाटत होते.

सुतीर म्हणाला, "महाराज, आमराईच्या बाजूने खणू या."

"अमात्य, ती माझ्या वडिलांनी तुम्हाला दिली आहे!"

"म्हणूनच मला ती देता येते. कुंभारांची घरं मला कुणी दिलेली नाहीत, ती मी कशी देऊ?"

घरी त्याने पत्नीला, रेवाला, हे सांगितले. आमराईतले प्रत्येक झाड तिने हाताने वाढवले होते. पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "खणायचं तर खणा. पण आधी कैऱ्या उतरवू द्या. साऱ्या कुंभारवाड्याला लोणचं पुरेल."

आणि तसेच झाले. कुंभारांनी बरण्या घडवून दिल्या, रेवाने लोणचे घातले, आणि मग सारी नगरी कुदळी-पहारी घेऊन खडकाला भिडली. गौरिका मेंढ्या सोडून माती वाहायला आली. राजा स्वतः एके दिवशी टोपली डोक्यावर घेऊन आला, घसरून पडला आणि सगळ्यांबरोबर हसला. पावसाळ्याआधी सांडवा तयार झाला. विणकरांची पेठ त्यानंतरच वसली.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. पुढच्या वर्षीही तसाच. रुंद सांडव्यात गवत उगवले, तिथे शेळ्या चरू लागल्या. टवाळखोर त्याला 'अमात्यांचं कुरण' म्हणू लागले. सुतीरला त्याचे काही वाटत नसे. पण बलधर कमरेवर हात ठेवून भांडायला उभा राही. "कुरण म्हणा, काही म्हणा, पण तिथे एक झोपडी जरी उभारलीत तर गाठ माझ्याशी आहे!"

मग एका भाद्रपदात, पीक पोटरीत आले असताना, आभाळ फाटले. एका सकाळी वेत्रा घळीतून बाहेर पडली ती तांबडी, फेसाळ, मुळांसकट उपटलेले साग नाचवीत. लोक टेकड्यांवर चढले. बलधर मात्र धरणाच्या माथ्यावर जाऊन उभा राहिला. सुतीरही त्याच्याजवळ येऊन उभा राहिला. पाणी दगडी पायऱ्या एकेक करून गिळत वर येत होते. पाणी जुन्या सांडव्याच्या काठाला लागले, तो भरला, आणि मग एक जाडजूड तांबडी चादर आमराईच्या जागी खणलेल्या नव्या भागात शिरली. गवत आडवे झाले. खडकावरून पाणी गर्जत खाली कोसळले आणि मैदानाच्या कडेने, पेठेला वळसा घालून, नदीच्या पात्रात जाऊन मिळाले.

पाणी माथ्याखाली हातभर येऊन थांबले. दुपारपर्यंत ते तिथेच होते. मग उतरू लागले.

टेकड्यांवरून एकच आरोळी उठली. कुंभारांनी मडकी उलटी करून वाजवायला सुरुवात केली. विणकर बायका सांडव्याच्या तोंडाशी लुगडी पसरून उड्या मारणारे मासे धरू लागल्या. रेवा लोणच्याची शेवटची बरणी घेऊन आली आणि भिजलेल्या, गारठलेल्या लोकांना भाकरीवर वाढू लागली. गौरिका ओरडून ज्याला त्याला सांगत होती, "मी हसले होते हो! मीच हसले होते!"

बलधर धरणाच्या ओल्या मातीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला, मग तसाच हसू लागला. डोळे पुसत त्याने विचारले, "अमात्य, याहूनही मोठा आला तर?"

"तर पुन्हा जाऊन पाहू," सुतीर म्हणाला. "तुम्ही याल ना?"

"अनवाणी येईन," बलधर म्हणाला.

विहारात भिक्षूंना ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा रोहिताक्ष म्हणजे आजचा उपासक मणिभद्र. हसणारी धनगरीण म्हणजे उपासिका चंपिका. रेवा म्हणजे भिक्षुणी नंदिका, जिच्याकडून आजही कुणी उपाशी परत जात नाही. बलधर म्हणजे तुमच्यातला हा शोणक, जो विहाराचं छप्पर गळतं असं कुणी म्हटलं की अजूनही रागावतो आणि मग सर्वांआधी शिडी घेऊन येतो. आणि अमात्य सुतीर म्हणजे मी."

भिक्षू शोणकाकडे पाहून हसले. शोणकही मान खाली घालून हसला.

जे अजून आले नाही त्याचाही विचार करणे, आणि त्यासाठी द्यायची वेळ आली तर आधी आपले देणे, ही प्रज्ञा आणि हीच करुणा. त्या जन्मी बोधिसत्त्वाने या दोन्ही पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचे सद्गुण, एकदमच जोपासल्या.