ओढ्यापलीकडची ओ

त्या राज्यात मेलेल्यांचा आवाज जिवंतांच्या कामाला लावण्याची रीत होती. रानकोंबडी मारली की तिच्या पंखाच्या पोकळ हाडाची शिट्टी करायची आणि ती फुंकून कोंबड्याला बाणाच्या टप्प्यात आणायचं.

चंद्री ही अशीच एक शिट्टी. जिवंतपणी तिने तुरेराव नावाच्या कोंबड्याबरोबर तीन वसंत काढले होते. आता ती शिकाऱ्याच्या गळ्यात दोरीला लोंबत होती. तुरेरावाला एकदा, फक्त एकदा जवळून पाहावं, एवढीच तिची आस होती.

हंगामाच्या पहिल्या सकाळी शिकाऱ्याने फुंकलं आणि चंद्री जीव तोडून ओरडली. ओढ्यापलीकडून लगेच ओ आली. तुरेरावाचीच! पण तुरेराव काही ओढा ओलांडेना. त्यांच्यात कोंबडीनेच कोंबड्याकडे जायची चाल; इतर कोंबडे हाकेला भुलून ती मोडत, पण ही स्वारी भारी मानी! पिसं फुलवून तो तिथेच वाट पाहत राहिला. ती हाक मारी, तो ओ देई. सगळा हंगाम असाच सरत आला.

“अगं, आणखी ओरड की! माझं टोक गंजायला आलं,” भात्यातला बाण एकदा वैतागून म्हणाला.

इतके दिवस तिने बाणाकडे धड पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं आणि ती चरकली.

शेवटच्या दिवशी तिने पहाटेचं दव पोटात साठवून घेतलं. शिकाऱ्याने गाल फुगवून फुंकलं, तर नुसता वारा निघाला. तो कंटाळून झाडाला टेकून बसला. आता तुरेराव जगेल, असं वाटून चंद्रीला हायसं वाटलं.

पलीकडून तुरेरावाने साद घातली. उत्तर नाही. पुन्हा घातली. तिला काही झालं की काय! सगळा तोरा विसरून तो पाण्यात उतरला आणि तिला शोधत थेट त्या झाडापाशी आला. चंद्रीने किंचाळायची पराकाष्ठा केली, पण पोटात दव होतं. बाण सुटला.

पुढच्या वसंतात शिकाऱ्याने तुरेरावाच्या पंखाचं हाड चंद्रीच्या हाडात बसवलं आणि सांधा मेणाने बुजवला.

“आलात?” चंद्री म्हणाली.

“तू गप्प का झालीस?” तुरेरावाने विचारलं.

ती सांगणार, तोच शिकाऱ्याने फुंकलं. आवाज पूर्वीपेक्षा कितीतरी गोड आला. ओढ्यापलीकडे एका कोंबड्याने मान वर केली आणि पाण्यात पाऊल टाकलं.