समोरून उत्तर नाही

"म्हणजे रेणुका हे मुद्दाम करतेय?"

"दुसरं काय, चाचा?" हृषीकेशने तक्रारअर्ज टेबलावर आपटला. "सही करा. चार वाजता संचालकांकडे द्यायचाय."

टेकडीवरच्या त्या संशोधन संस्थेत संगणकांचे दोन समूह होते. एक या इमारतीत, दुसरा समोरच्या. ते एकमेकांना जोडायचं काम मुजावरचाचांनी आपल्या हुशार शिष्यावर सोपवलं होतं. हुशार खराच, पण स्वतःच्या सावलीवरही विश्वास नसलेला. समोरचा समूह रेणुका शेटे सांभाळायची, कंत्राटावर. चाचांची सही झाली की तिची नोकरी गेलीच म्हणायची.

"आपले निरोप तिकडे पोहोचतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. उत्तर मात्र एकाचंही नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. राऊटरचा पासवर्ड मागितला, तर लगेच दिला! असं कोणी देतं का?"

"म्हणजे तिचा राऊटरही तूच लावलास?"

"दोन्ही मीच. तिच्यावर सोडतोय होय!"

"इथल्या राऊटरवर काय लिहिलंस?"

"तिच्याकडे जायची वाट."

"आणि तिच्या राऊटरवर?"

"तिथे आपला पत्ता टाकलाच नाही. उद्या आत घुसली म्हणजे?"

चाचांनी अर्ज सही न करताच बाजूला सारला.

ते पाहून हृषीकेशचं डोकं फिरलं. म्हणजे चाचाही तिला सामील! ज्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली, तेच उलटले. त्याला रडू यायचंच बाकी होतं. त्याने अर्ज उचलला.

"नको तुमची सही. जातो मी."

चाचांनी चटकन हात पुढे करून त्याचं मनगट धरलं.

"जातो म्हणू नये, बेटा. येतो म्हणावं."

"काय फरक पडतो?"

"जातो म्हटलं की परतीची वाट राहत नाही. माझी आई सांगायची."

हृषीकेश हात सोडवायला गेला, आणि तसाच थांबला.

परतीची वाट... उत्तरांना यायला तिच्या राऊटरवर ती त्यानेच लिहिली नव्हती.

त्याने हातातल्या अर्जाकडे पाहिलं. रेणुकाचं नाव त्याने दोनदा अधोरेखित केलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने अर्जाचे चार तुकडे केले.

"येतो, चाचा," तो खालमानेने म्हणाला.

"मला नको सांगूस. तिच्या राऊटरला सांग."