ओट्यावर ठेवलेला फोन

“यातला कोणता ठेवू, बाबा?”

विश्वंभरनं दोन्ही खोकी मठाच्या ओट्यावर मांडली. दोन फोन, दोन्ही कोरे. दुकानदार ओळखीचा होता. एक ठेवून घ्या, दुसरा संध्याकाळपर्यंत परत आणा, असं म्हणाला होता.

भानगिरीबाबा लिंबाच्या सावलीत सुपातली डाळ निवडत बसले होते. त्यांनी खोक्यांकडं पाहिलं आणि पुन्हा डाळीकडं पाहिलं.

“कुणासाठी?”

“आप्पांसाठी.”

“आप्पाला उठून बसता येईना. तो फोन घेऊन काय करणार?”

“आप्पांनी काही करायचं नाही. खाटेच्या उशाशी लावून ठेवायचा. कॅमेरा दिवसभर चालू. मी पुण्यातून बघणार.”

“काय बघणार?”

“आप्पांना.” विश्वंभरनं एक खोकं उगाच सरळ केलं. “आणि ताईलाही.”

बाबांची बोटं सुपात थांबली… मग पुन्हा चालू लागली.

हा विश्वंभर इथला, वसमतचाच. लहानपणापासून मठात येणारा, बाबांचा लाडका म्हटलं तरी चालेल. आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. पोरगा हुशार, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी त्याची गत. समोरच्याचा प्रश्न पुरता व्हायच्या आत याचं उत्तर तयार असायचं, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

गेल्या आठवड्यात त्याचे वडील, म्हणजे आप्पा, अंगणात पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि त्यांना पुन्हा कलाताईच्या घरी आणलं. कलाताई ही विश्वंभरची थोरली बहीण. आप्पा तिच्याकडंच राहायचे. विश्वंभर पुण्याहून आला तो तिच्याशी भांडतच आला आणि अजून भांडतच होता.

“कलेला विचारलंस का? तिच्या घरात कॅमेरा लावायलास म्हणून विचारतो.”

“तिला काय विचारायचं? तिला कळवायचं. लिहून ठेवलंय मी.”

“वाच.”

विश्वंभरनं खिशातून स्वतःचा फोन काढला आणि खणखणीत आवाजात वाचलं.

“आप्पा पडले ते कलाताईच्या निष्काळजीपणामुळं. भर दुपारी ती झोपली होती. आजपासून आप्पांच्या खाटेपाशी कॅमेरा राहील. आणि आजपासून मला बहीण नाही.”

वाऱ्यानं लिंबाची चार पानं सुपात पडली. बाबांनी ती वेचून बाजूला ठेवली.

“हे कलेला धाडणार?”

“भावकीच्या ग्रुपवर. काका आहेत, आत्या आहेत, ताईच्या सासरचेही आहेत. सगळ्यांना कळू दे.”

“धाडलं नाहीस अजून.”

“फोन ठरला की लगेच. हा बाण दिसतोय ना, तो दाबला की गेलं.”

“गेल्यावर परत घेता येतं?”

“पुसता येतं. पण तोवर लोक वाचतात.”

विश्वंभरची आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता. कलाताईनं शाळा सोडली आणि त्याला वाढवलं. तो रडायला लागला की ती त्याला कडेवर घेऊन याच लिंबाखाली फेऱ्या मारायची, हे बाबांनी डोळ्यांनी पाहिलेलं. ते या दोघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी उच्चारलं नाही.

“मग कोणता घेणार?” बाबांनी विचारलं.

“तेच तर तुम्हाला विचारतोय. तुम्ही हात लावाल तो.”

“मला त्यातलं काय कळतंय? फोनचं बरंवाईट कशावरून ठरवता तुम्ही?”

आता विश्वंभर खुलला. मांडी घालून बसला.

“प्रोसेसरवरून. म्हणजे फोनचं डोकं समजा. बाकी सगळं वरचं. काच चांगली, रंग चांगला, त्याला काय चाटायचंय? डोकं मंद असलं की फोन मंद.”

“यातल्या कुणाचं डोकं चांगलं?”

“या काळ्याचं. याच्याइतका झपाट्यानं चालणारा आत्ता बाजारात दुसरा नाही. मी स्वतः हाच वापरतो. तो दुसरा संथ आहे, स्वस्त आहे. म्हाताऱ्या माणसाला पुरे, असं दुकानदार म्हणाला.”

“मग अडलं कुठं?”

“काळा जरा तापतो, एवढंच. दिवसभर कॅमेरा चालायचा म्हणजे…” तो स्वतःशीच विचार करू लागला. विचाराला त्याला फार वेळ लागत नसे. “पण नाही. झपाटा महत्त्वाचा. काळाच. ठरलं.”

त्याचा अंगठा बाणाकडं गेला.

बाबांनी तळहात पुढं केला.

“आण इकडं.”

“एक सेकंद, बाबा. एवढं पाठवतो आणि…”

“आधी आण. तुझाही हाच आहे म्हणायलास. तापतो कसा ते बघू दे.”

गुरूनं पसरलेला हात. विश्वंभरनं फोन त्या हातावर ठेवला. नाखुशीनं ठेवला, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“तू तो कॅमेरा म्हणतोस तो चालू कर.”

विश्वंभरनं पडद्याच्या बाजूचा कॅमेरा चालू करून दिला. बाबांनी फोन घेतला, हात लांब केला आणि सावलीच्या पलीकडं, उन्हातल्या ओट्याच्या काळ्या फरशीवर ठेवून दिला.

चैत्राची दुपार होती. त्या फरशीवर अनवाणी पाय ठेवायची कुणाची छाती नव्हती.

“बाबा, उन्हात नको.”

“का?”

“तापेल.”

“तापल्यावर काय करतो?”

“हळू होतो.”

“त्याला कोण सांगतं हळू हो म्हणून?”

“कुणी नाही. आपोआप. कुठल्याही प्रोसेसरला ते असतंच. तापलाय हे त्याचं त्यालाच कळतं.”

“आणि फारच तापला तर?”

“मग सगळं काम थांबवतो. आतून जळू नये म्हणून.” विश्वंभरनं हात पुढं केला. “द्या ना बाबा. मला ते पाठवायचंय.”

बाबांनी आपला उजवा हात उचलला आणि फोनशेजारी, त्याच फरशीवर, पालथा टेकवला.

विश्वंभर उभा राहिला.

“हात भाजेल.”

“बस.”

“बाबा, हात काढा.”

“बस म्हटलं ना.”

तो बसला. फोनवर ओट्यावरचं आभाळ दिसत होतं, पांढरंफटक. बाबांच्या कपाळावर घाम आला. हात हलला नाही. डाव्या हातानं ते सुपातली डाळ चाळत राहिले.

विश्वंभर एकदा फोनकडं बघे, एकदा त्या हाताकडं. मघापासून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि आता त्यात भीतीही मिसळली. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते. उठून हात ओढावा तर गुरू. न ओढावा तर…

“मी नाही पाठवत, बाबा. हात काढा.”

“तू पाठव, नको पाठवू, तो तुझा प्रश्न आहे. मी फोन बघायलोय.”

मठामागं कुठं तरी एक होला घुमत होता.

मग फोनवरलं आभाळ अडखळू लागलं. एकदा थांबलं, पुढं सरकलं, परत थांबलं. पडदा मंद झाला. शेवटी सगळं जाऊन एकच ओळ उरली. विश्वंभरनं ती वाकून वाचली.

“फोन फार गरम झाला आहे. थंड होईपर्यंत थांबा.”

बाबांनी हात उचलला. तळवा लालबुंद झाला होता. त्याच हातानं त्यांनी फोन उचलून माठाशेजारी गारव्याला ठेवला, आणि मग माठातलं पाणी हातावर ओतून घेतलं.

“माझ्याआधी थांबला,” ते म्हणाले. “गुणाचा आहे.”

विश्वंभर वाकून त्यांच्या तळव्याकडं बघू लागला.

“निवायला किती वेळ लागतो याला?”

“थोडा.”

“बसू मग.”

दोघं बसले. बाबांनी डाळीचं सूप विश्वंभरपुढं सरकवलं. तो उगाच एकेक दाणा उचलून बघू लागला.

“आप्पा पडला त्या दुपारी कला झोपली होती म्हणतोस.”

“हो.”

“आणि आदल्या रात्री?”

विश्वंभरनं हातातला दाणा सुपात टाकला.

“रात्री… आप्पांना झोप नव्हती. तिला सारखं उठावं लागायचं.”

“त्या एका रात्रीच?”

“नाही. पुष्कळ दिवस तसंच चाललं होतं.”

“कोण म्हणालं?”

“आप्पाच म्हणाले. काल.”

“मघाशी वाचून दाखवलंस त्यात ते आलं नाही.”

“…नाही.”

“ते लिहायला तुला वेळ किती लागला?”

“लगेच लिहिलं. ताई समोरच उभी होती. रडत होती. तिच्यासमोरच लिहिलं.” त्याचा आवाज खाली गेला. “ती काहीच बोलली नाही, बाबा. एक शब्द बोलली असती तर मी…”

वाक्य तिथंच राहिलं. बाबांनी ते पुरं करायला मदत केली नाही.

माठाशेजारी फोन उजळला. मागं अडलेला निरोप वाजला. विश्वंभरनं फोन हातात घेतला. निरोप ताईचा होता.

“काय म्हणते कला?”

त्यानं वाचून दाखवलं.

“आप्पांना आत्ता डोळा लागलाय. मी जागीच आहे. तू आलास की त्यांच्यापाशी बस, मग मी जरा पाठ टेकते.”

त्याच्या खाली पडद्यावर भावकीचा ग्रुप तसाच होता. त्यानं लिहिलेलं तसंच होतं, एकही अक्षर पुसलेलं नव्हतं. शेजारी बाण होता.

विश्वंभर फोन दोन्ही हातांत धरून बसला.

“बाबा… आता मी काय करू?”

बाबांनी आपला भाजलेला तळवा फोनच्या पाठीवर ठेवून पाहिला.

“निवला,” ते म्हणाले. “आता पाठवायचं ते पाठव.”